मीनलचा चष्मा आणि तीन देशांतली कोटेशनं

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासतो, नंबर काढतो, स्कॅन करतो, ऑपरेशन करत नाही. ही केस माझ्या मावसबहिणीची आहे. तिला आणि तिच्या भावाला विचारूनच लिहितोय, नावं आणि थोडेफार तपशील बदललेत. परदेशात राहणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात की चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर तिकडे करू, तुर्कस्तानात करू की सुट्टीत येऊन पुण्यात करू, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

पार्श्वभूमी

मीनल मूळची साताऱ्याची. २०१९ पासून इंग्लंडात, रेडिंगला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हे सगळं सुरू झालं तेव्हा, म्हणजे २०२३ ला, वय ३१. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस पावणेसहा आणि सिलिंडर (डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर) सव्वा, डावा सव्वापाच आणि सिलिंडर पाऊण. चौथीत चष्मा लागला, अकरावीपासून सॉफ्ट लेन्स. गेली चार-पाच वर्षं नंबर हललेला नाही.

आणखी एक गोष्ट, जी तेव्हा कोणी लिहून घेतली नाही. मीनलला लहानपणापासून डोळ्याची अ‍ॅलर्जी आहे. इंग्लंडात मे ते जुलै गवताचे परागकण हवेत असतात त्या काळात तर तिचे डोळे लालच असतात, आणि ती चोळते. नुसतं बोटाने नाही, मूठ वळून हाताची हाडं डोळ्यावर ठेवून गोल गोल, दहा-पंधरा सेकंद. मी हे तिच्या परकर-पोलक्यातल्या दिवसांपासून बघतोय आणि कधी टोकलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये एकदा लेन्स घालूनच झोपली, सकाळी डोळा उघडेना, उजेड सहन होईना. तिथल्या सरकारी आय कॅज्युअल्टीत गेली, कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावर, छोटा पांढरा ठिपका निघाला, तासातासाला अँटिबायोटिक ड्रॉप्स, एक महिना लेन्स बंद. दहा दिवसांत बरं झालं पण मनात भीती बसली ती बसलीच. मोठ्या नंबरचा जाड चष्मा नको, लेन्सही नकोत, म्हणून लेझर.

प्रश्न काय होता

सप्टेंबरमध्ये तिचा मेसेज आला, तीन स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "यातलं कुठलं?"

पहिला लंडनचा, दोन्ही डोळ्यांचे ४,६०० पौंड. इंग्लंडात एनएचएस चष्म्याच्या नंबरासाठी लेझरचा खर्च देत नाही, सगळं खिशातून. दुसरा इस्तंबूलचा, १,४५० युरो, त्यात दोन रात्री हॉटेल आणि एअरपोर्टची गाडी. भारतीय पासपोर्टवर यूकेचं रेसिडेन्स परमिट असलं की तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे तीही अडचण नव्हती. तिसरा पुण्याचा, ९० हजार रुपये, आणि दिवाळीला ती येणारच होती.

मावशीचं म्हणणं सरळ होतं, इथे कर, बघायला घरची माणसं आहेत. तिच्या नवऱ्याला इस्तंबूल पटलं होतं कारण शुक्रवारी जाऊन रविवारी परत, सुट्टी टाकायला नको. आणि मी काय म्हणालो ते इथे लिहायला हवं. मी म्हणालो, "ये दिवाळीत, करून टाकू." तेव्हा तिच्या कॉर्नियाचा एकही स्कॅन मी पाहिलेला नव्हता. या धंद्यात पंधरा वर्षं काढलेला माणूस मी, तरी मीही "कुठे" याच प्रश्नाचं उत्तर दिलं. तिन्ही कोटेशनं देणाऱ्यांनी तिचा डोळा बघितला नव्हता आणि चौथा मी.

दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आलं. तिला फोन करून सांगितलं की आधी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे आकाराचा नकाशा, आणि जाडी, पैसे कुठेच भरायचे नाहीत. निर्णयाचा पहिला टप्पा हाच.

तपासणीत काय निघालं

लंडनच्या क्लिनिकची पहिली तपासणी फुकट होती म्हणून तिथे गेली. आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालून. सॉफ्ट लेन्सने पण कॉर्नियाचा आकार थोडा दबतो, साधारण दोन आठवडे लेन्स बंद ठेवून मग स्कॅन करायचा असतो. तिथल्या तंत्रज्ञाने ते बरोबर पकडलं, नकाशा नीट दिसत नाही म्हणाला आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. (इस्तंबूलच्या पॅकेजमध्ये सकाळी तपासणी आणि दुपारी ऑपरेशन होतं, तिथे हे दोन आठवडे कुठून आणणार हा प्रश्न मला तेव्हापासून टोचत होता.)

ऑक्टोबरमध्ये पेंटाकॅमवर (कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी काढणारं मशीन) पहिला नीट स्कॅन झाला. उजव्या कॉर्नियाची सगळ्यात कमी जाडी ४९६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), डाव्याची ५०२. सरासरी कॉर्निया साधारण ५४० चा असतो. आणि उजव्या नकाशात खालच्या भागात थोडा जास्त उंचवटा, केशरी रंगाचा पट्टा खाली घसरल्यासारखा.

आता आकडेमोड सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं कळतं. लेझर म्हणजे कॉर्निया घासून पातळ करणं. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात नंबर काढायचा तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जातात. उजवीकडे पावणेसहा आणि सव्वा मिळून सात, म्हणजे ९८. लॅसिकला वरचा फ्लॅप कापतात तो ११० चा धरला तर ४९६ मधून २०८ गेले, खाली उरले २८८. कागदावर २५० ची किमान मर्यादा आहे तिच्या वर आहे, पण आता बरेच सर्जन २८०-३०० च्या खाली जात नाहीत, आणि दुसरा हिशोब असा की एकूण जाडीतला ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग हलला की धोका वाढतो, तिचे ४२ टक्के होत होते. धोका कसला, तर पातळ झालेला कॉर्निया काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगायला लागतो, त्याला एक्टेशिया म्हणतात, आणि मग नजर चष्म्यानेही सुधारत नाही.

लंडनच्या सर्जनने स्वतः अर्धा तास बसून हे तिला समजावलं. इंग्लंडात नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे २०१७ चे नियमच तसे आहेत, जो ऑपरेशन करणार त्यानेच रुग्णाशी बोलायचं आणि होकार व ऑपरेशन यांच्यात निदान एक आठवडा जाऊ द्यायचा. तो म्हणाला लॅसिक नको, पीआरकेचा (फ्लॅप न कापता वरचा पापुद्रा काढून करायचं लेझर) विचार करता येईल पण सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन बघून.

मीनलने तोच स्कॅन इस्तंबूलच्या कोऑर्डिनेटरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं, डॉक्टर म्हणतात होईल, फेम्टो लॅसिक (ज्यात फ्लॅपही लेझरनेच कापतात), तारीख पक्की करायला २०० युरो भरा. मी तिला दोन प्रश्न विचारायला लावले, डॉक्टरांचं नाव काय आणि ऑपरेशनच्या आधी ते स्वतः किती वेळ भेटणार. उत्तरात नाव आलं नाही, १०० युरो डिस्काउंट आला. इस्तंबूलमध्ये उत्तम नेत्रसर्जन आहेत, याबद्दल मला शंका नाही, आणि तिथल्या सरकारचं हेल्थ टुरिझमसाठी वेगळं परवानापत्रही असतं ते मागता येतं. पण माझ्या बहिणीच्या स्कॅनला "होईल" म्हणणारा माणूस कोण हेच कळत नसेल तर त्या शब्दाला काय किंमत द्यायची?

सुहासचं "लेझर"

हा या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मीनल वैतागली होती. "अरे, सुहासदादाचं तर २०१३ लाच पुण्यात लेझर झालंय, तो ठणठणीत आहे, मग मलाच का एवढं घाबरवताय सगळे?"

सुहास तिचा सख्खा मोठा भाऊ. त्याला दवाखान्यात घेऊन जाणारा मीच होतो. परत येताना रिक्षात काळा गॉगल लावून माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता, दोन्ही हातांनी रुमाल घट्ट धरलेला, गालावरून पाणी वाहतंय, आणि स्पीडब्रेकर आला की "हळू घ्या ना हो काका" म्हणत होता. ते नंबर घालवायचं लेझर नव्हतंच. त्याला केराटोकोनस होता, कॉर्निया शंकूसारखा पुढे येत चालला होता, आणि तो तिथेच थांबावा म्हणून सी-थ्री-आर केलं होतं, म्हणजे वरचा पापुद्रा काढून व्हिटॅमिन बी-टूचे थेंब मुरवून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात, त्याने कॉर्निया कडक होतो. मशीन, प्रकाश, डोळा, म्हणून घरात सगळे त्याला लेझरच म्हणायला लागले आणि दहा वर्षांत तेच खरं झालं. सुहास आजही हार्ड लेन्स लावतो हे मीनलला माहीत होतं, पण तिला वाटायचं थोडा नंबर राहिला असेल.

लंडनच्या फॉर्मवर "कुटुंबात कोणाला केराटोकोनस?" असा प्रश्न होता. तिने प्रामाणिकपणे नाही लिहिलं होतं.

मी कॉलवर गप्प झालो. कारण तिला माहीत नव्हतं पण मला माहीत होतं. सुहासच्या डोळ्याचा नकाशा मी स्वतः पाहिलेला, मीनलचा नकाशा महिनाभर माझ्या मोबाइलमध्ये, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सख्ख्या भावाला केराटोकोनस, स्वतःचा कॉर्निया पातळ, खाली उंचवटा, आणि डोळे चोळायची सवय. हे चारही एकत्र आले की लॅसिक तर नाहीच, स्माइलमध्येही (फ्लॅपशिवाय, छोट्या छेदातून करायचं लेझर) आतून तेवढाच टिशू काढतात आणि त्याच्यानंतरही एक्टेशियाच्या केसेस झालेल्या आहेत, आणि पीआरकेसुद्धा मी माझ्या माणसाला सुचवणार नाही.

आपल्याकडे हे दुर्मीळ आहे असंही समजू नका. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांच्या मोठ्या पाहणीत २.३ टक्के लोकांमध्ये केराटोकोनस धरला गेला होता. त्यांनी तो कॉर्नियाच्या वक्रतेच्या एका आकड्यावरून ठरवला, पूर्ण नकाशा काढून नाही, म्हणून आकड्यावर वाद होऊ शकतो. तरी भारतीय डोळ्याचं लेझर ठरवताना घरातल्या डोळ्यांची चौकशी केलीच पाहिजे, आणि ती आजाराचं नाव घेऊन करून भागत नाही. कोणाची हार्ड लेन्स आहे का, कोणाचा नंबर विशीत भराभर वाढला का, कोणाचं बुबुळ बदललं का, असं विचारावं लागतं.

पर्याय, नव्याने

सुहासचे जुने रिपोर्ट लंडनला पाठवले. सर्जनने दुसऱ्याच दिवशी कळवलं की कुठलंही कॉर्नियल लेझर नाही. आता उरले दोन, चष्मा किंवा आयसीएल. आयसीएल म्हणजे कॉर्नियाला हात न लावता बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक पातळ लेन्स बसवतात, गरज पडली तर काढता येते. पण डोळ्याच्या आत शिरायचं म्हणजे इन्फेक्शन, प्रेशर वाढणं, पुढे मोतीबिंदू लवकर येणं हे धोके कमी असले तरी आहेत, आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी दरवर्षी मोजत राहाव्या लागतात.

चष्मा ठेवायचा हा पर्याय मी तिला दोनदा विचारला. ती म्हणाली, सकाळी उठल्यावर बाळाचा चेहरा दिसायला हवा तेव्हा हात आधी चष्मा शोधायला जातो, मला ते नकोय. बाळ तेव्हा व्हायचं होतं, पण मला तिचं म्हणणं कळलं. घाई मात्र करायची नाही असं ठरलं. आधी वर्षभर कॉर्निया स्थिर आहे का बघायचं आणि डोळे चोळणं बंद. त्यासाठी अ‍ॅलर्जीचे ड्रॉप्स सीझनच्या आधीपासून, फ्रीजमधल्या ओल्या रुमालाने शेकायचं, आणि नवऱ्याला सांगून ठेवलं की हात डोळ्याकडे गेला की धरायचा.

आता "कुठे" हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला. मी तिला एकच गोष्ट मोजायला सांगितली, ऑपरेशनची शेपटी किती लांब आहे. पीआरकेचं उदाहरण घ्या, तीन-चार दिवस दुखतं, नजर स्थिरावायला काही आठवडे जातात, स्टिरॉइड ड्रॉप्स एक ते तीन महिने चालतात आणि त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून मध्येमध्ये मोजावं लागतं. दोन रात्रींच्या हॉटेलात यातलं काहीच संपत नाही. लॅसिकलाही फ्लॅपखाली सूज आली तर ती पहिल्या आठवड्यात येते, म्हणजे इस्तंबूलहून परत आल्यावर. आयसीएलचं वेगळं आहे, प्रेशरचा धोका पहिल्या काही तासांचा, लेन्स बरोबर उंचीवर बसली का ते दुसऱ्या दिवशी कळतं, इन्फेक्शनची मुख्य काळजी पहिल्या एक-दोन आठवड्यांची. म्हणजे चार आठवड्यांच्या सुट्टीत त्यातलं बहुतेक सगळं मावतं. लंडनला आयसीएलचे ६,८०० पौंड सांगितले, पुण्यात सिलिंडरसकट दोन्ही डोळ्यांचे २ लाख ३० हजार. इस्तंबूल यादीतून तिनेच काढलं.

काय केलं

दुसरा स्कॅन मे २०२४ ला लंडनमध्ये, तिसरा २०२४ च्या दिवाळीत पुण्यात. तिन्ही नकाशे एकावर एक ठेवले, मशीनच्या फरकापलीकडे बदल नाही. दिवाळीतच डोळ्याच्या आतली खोली (३.२ मिलिमीटर, पुरेशी), पेशींची संख्या, बाहुली मोठी करून मागचा पडदा, सगळं झालं आणि लेन्सची ऑर्डर दिली. सिलिंडरवाली लेन्स मापाने मागवावी लागते, तिला पाच आठवडे लागले. त्याच दिवाळीत उरकून टाक असा घरचा आग्रह होता, घरात लग्नही होतं. मी स्पष्ट नाही म्हणालो. फटाक्यांचा धूर, हळद, अक्षता आणि नवीन ऑपरेशन झालेला डोळा, हे मला एका घरात नको होतं.

जानेवारी २०२५ ला चार आठवड्यांची सुट्टी घेऊन आली, त्यातला एक बिनपगारी. आधी उजवा, दोन दिवसांनी डावा. पहिल्या संध्याकाळी उजव्या डोळ्याचं प्रेशर २८ झालं, गोळी आणि ड्रॉप्सने रात्रीपर्यंत १९ वर आलं. दवाखाना आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं होता म्हणून हे साधं वाटलं. त्या वेळी तिला विमानतळावर जायचं असतं तर साधं वाटलं नसतं.

काय झालं

दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय ६/६. पहिले दोन-तीन महिने रात्री दिव्यांभोवती गोल कडी दिसायची, एम-फोरवर समोरच्या गाड्यांचे दिवे म्हणजे कंकणं कंकणं, एप्रिलपर्यंत तिने रात्री गाडी चालवली नाही. आता कडी आहेत पण तिकडे लक्ष जात नाही म्हणते. डोळे कोरडे पडण्याचा त्रास आधी होता तेवढाच आहे. मायनस नंबरच्या डोळ्याचा पडदा सुटायचा धोका लेन्सने जात नाही, त्यामुळे वर्षातून एकदा थेंब घालून तपासणी कायम, आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणार तो लागणारच.

एक गोंधळ झाला. रेडिंगला परत गेल्यावर तिथल्या ऑप्टिशियनकडे प्रेशर मोजायला गेली, तर डिस्चार्जच्या कागदावर फक्त "आयसीएल, दोन्ही डोळे" एवढंच. लेन्सचं मॉडेल, साइज, पॉवर, कुठल्या अंशात बसवली, काही नाही. लेन्सचे स्टिकर पुण्यातल्या फाइलला चिकटवलेले. मी जाऊन फोटो काढून पाठवले. उद्या रात्री-अपरात्री तिकडे काही झालं असतं तर त्या डॉक्टरांनी काय बघून ठरवायचं होतं?

काय वेगळं करता आलं असतं

स्कॅन कोटेशनच्या आधी व्हायला हवा होता, तो तिच्याच गावात होत होता. त्यासाठी कोणाला अ‍ॅडव्हान्स द्यावा लागत नाही.

घरातली डोळ्यांची माहिती मी पहिल्याच फोनवर सांगायला हवी होती. ती योगायोगाने निघाली, तिच्या रागातून. ती चिडली नसती आणि नुसत्या कागदांवरून पीआरके ठरलं असतं तर? मी आता प्रत्येक पेशंटला "घरात कोणाचं डोळ्याचं काही झालंय का" एवढं विचारून थांबत नाही. "लेझर झालंय" असं उत्तर आलं की कसलं लेझर, त्यानंतर चष्मा गेला का, हे विचारतो. मीनलने स्वतः एक गोष्ट सांगितली ती पण लिहितो, रेडिंगमध्येच एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टशी आधी बोलून, फी ठरवून, सगळे कागद त्याच्याकडे देऊन मग विमानात बसायला हवं होतं.

आणि सुहासचा मुलगा. पाच वर्षांचा आहे. मार्चमध्ये साताऱ्याला गेलो होतो, तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता आणि मूठ वळून डोळा चोळत होता, अगदी आत्यासारखा. मी वहिनीला म्हणालो, सोमवारी याला घेऊन पुण्याला या. अ‍ॅलर्जी निघाली, ड्रॉप्स सुरू केलेत, नकाशा आत्ता नॉर्मल आहे. पुढचा स्कॅन वर्षाने.